हँडओव्हरची कोंबडी

कोंबडी माझी होती, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तिच्यावर बऱ्याच जणांनी हक्क सांगितला. पिवळी, प्लॅस्टिकची, पोटात घड्याळ असलेली. मान पिरगाळली की टिकटिक सुरू व्हायची आणि वेळ झाली की घंटा वाजवून वर एकदा कोकलायची. मी तिच्या भरवशावर अंडी उकडायची. आमचं केंद्र वृद्धांच्या शुश्रूषेचं आहे. निम्म्या आजी-आजोबांना अंडं मऊ लागतं, उरलेल्यांना घट्ट, आणि चुकीचं अंडं चुकीच्या ताटात गेलं की दुपारपर्यंत कुणाच्या तोंडाकडे बघवत नाही.

एके सकाळी मॅनेजरसाहेब किचनमध्ये आले, कोंबडी उचलली, आणि "काकू, ही जरा नेतो" म्हणून चालते झाले. मी हातात पळी घेऊन बघत राहिले. त्या दिवसापासून अंडी मी अंदाजाने उकडायला लागले आणि शिव्याही खायला लागले.

कोंबडी नेली ती हँडओव्हरसाठी. शिफ्ट बदलताना घरी जाणारे लोक कामावर येणाऱ्यांना सगळं सांगून जातात. कोण जेवलं, कोण रुसलं, कुणाची गोळी बदलली. किचनच्या शेजारच्या खोलीत गोल टेबलाभोवती सगळे जमतात. पथ्यपाणी कळावं म्हणून मीही असते. दाराशी आरामखुर्ची टाकून बँडवाले आजोबा बसलेले असतात. उमेदीत ते बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. पेपर वाचायला इथेच उजेड चांगला येतो असं ते म्हणतात, पण पान काही उलटत नाहीत.

आता आमच्या लाँड्रीवाल्या मावशी चादरींचा हिशोब सांगायला उभ्या राहिल्या की हळूच आपल्या जाऊबाईंच्या ऑपरेशनवर घसरायच्या. जाऊबाई टेबलावरून उतरायच्या आत आमची शिफ्ट उलटून जायची. त्यावर साहेबांनी माझी कोंबडी आणून टेबलाच्या मधोमध ठेवली. नियम असा की प्रत्येकाला एक मऊ अंडं उकडेल एवढा वेळ. कोंबडी कोकलली की बसायचं, वाक्य कुठेही असो. हेड ऑफिसला ही शक्कल भलतीच आवडली. साहेबांचा कोंबडीसकट फोटो निघाला आणि आमच्या सगळ्या शाखांना एकेक कोंबडी रवाना झाली. तो फोटो साहेबांनी केबिनमध्ये आपल्या लग्नाच्या फोटोच्या वर लावला.

या कोंबडीने वाट लावली ती धाकट्या सिस्टरची. आमच्याकडे दोन सिस्टर. थोरल्या म्हणजे इनचार्ज, आणि ही धाकटी. धाकटी बोलताना अडखळते. माझ्या किचनमध्ये चमच्यांचा एक ड्रॉवर आहे, तो मध्येच अडतो. ओढला की जास्त अडतो. गप्प उभं राहिलं की आपला आपण येतो. तसंच हिचं. शब्द येतो, वाक्यही पुरं होतं, फक्त समोरच्याने खेचाखेची करू नये. बाकी पोरगी गरीब गाय वगैरे अजिबात नाही. तिखट आहे, खदाखदा हसते, आणि पत्ते खेळताना इतकी बेमालूम फसवते की बँडवाले आजोबा तिच्यासमोर पानं पोटाशी धरून बसतात.

पण कोंबडीसमोर तिचा निभाव लागायचा नाही. दोन-तीन वाक्यं झाली की कोंबडी कोकलायची. त्यात साहेब मदतीला धावायचे. धाकटीचा शब्द अडला रे अडला की ते पुढचा शब्द पुरवायचे, दुकानदार सुटे पैसे पुरवतो तसे, आणि दर वेळी चुकीचे.

एकदा ती सांगत होती, "खिडकीजवळच्या आजींचे दात..." आणि अडली.

"घासले," साहेब म्हणाले. "छान."

कोंबडी कोकलली. धाकटी बसली. तिला सांगायचं होतं की आजींनी कवळी काढून टॉवेलात गुंडाळून ठेवली आहे, तर तो टॉवेल धुवायला नेऊ नका. ती उठून मावशींना गाठेपर्यंत मावशींनी मशीन लावलंसुद्धा होतं, गरम पाण्याचं. थोड्या वेळाने लाँड्रीतून अशी किंकाळी आली की माझ्या हातातलं सूप सांडलं. कवळी इतकी पांढरीशुभ्र निघाली होती की बघून डोळे दिपले, फक्त आजींच्या तोंडात ती आता नीट बसेना.

अशात थोरल्या सिस्टरांची निवृत्ती आली. इनचार्जची जागा रिकामी होणार होती आणि धाकटीला ती हवी होती. ती मला स्पष्टच म्हणाली होती. इनचार्जला कायम दिवसाची ड्यूटी असते, मग आईला रात्री एकटं ठेवावं लागणार नाही. आणि समजा आई नसती, तरी हवी होती. काम येतं म्हणून हवी होती. दुसरा उमेदवार आमचा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. गोड मुलगा, पण हँडओव्हर असा देतो की कोंबडीला गळा साफ करायलाही वेळ मिळत नाही. सगळे जेवले, सगळे झोपले, सगळं ठीक, थँक्यू. निवड करायला हेड ऑफिसच्या मोठ्या बाई स्वतः येणार होत्या, आणि दोघांचा हँडओव्हर ऐकून ठरवणार होत्या. कोंबडीच्या साक्षीने, हे वेगळं सांगायला नको.



नेमके त्याच सुमारास साहेब एका शिबिराला जाऊन आले. मॅनेजर लोकांनी आपल्या हाताखालच्यांची खरी साथ कशी द्यावी, असं ते शिबिर होतं. गेले तेव्हा बरे होते. आले ते छातीवर बशीएवढा बिल्ला लावून. त्यावर लिहिलेलं, 'मी साथीदार'. आम्हा सगळ्यांसाठीही पिशवीभर बिल्ले आणले होते. माझा बिल्ला पहिल्याच दिवशी कणकेत पडला.

माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत. वाईट असता तर सोपं होतं, मी त्याला रोज कच्चं अंडं वाढलं असतं. पण हे मनापासून करत होते. भर हँडओव्हरमध्ये उभं राहून त्यांनी धाकटीच्या धैर्याचं कौतुक केलं. धाकटी छताकडे बघत राहिली. मग तिचा अडलेला शब्द सुटला की ते टाळ्या वाजवायला लागले. ती "बद्धकोष्ठ" म्हणाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बँडवाल्या आजोबांना वाटलं आपलाच सत्कार आहे, ते काठीवर रेलून अर्धे उठले.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण शिबिरात कुणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं की अडखळणारी माणसं गाताना अडखळत नाहीत. झालं. साहेब दुसऱ्या दिवशी चेहरा उजळून आले आणि म्हणाले की आजपासून सगळ्यांनी हँडओव्हर गाऊन द्यायचा. एकट्या धाकटीने गायलं तर तिला अवघडल्यासारखं होईल, म्हणून सगळ्यांनी. यालाच साथ म्हणतात म्हणे.

आजोबांनी चमच्याने खुर्चीच्या हातावर ठेका धरला. ब्रदर बिचारा लाजाळू, पण नोकरीचा प्रश्न. त्याने डोळे मिटून सुरुवात केली:

"चार नंबरला झालीच नाही,
पाच नंबरची थांबत नाही,
सहा नंबरला विचारू नका, हो, विचारू नका..."

कोरसमध्ये मावशी होत्या. नंतर मावशींनी एकटीने चादरींचं कडवं घेतलं आणि त्यात जाऊबाईंना आणलंच, तानेसकट. मी पातळ सूप आणि बिनमिठाच्या टोस्टबद्दल जे काही गायले ते मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही. त्याच वेळी सहा नंबरच्या आजींचा मुलगा भेटायला आला. हातात फुलं घेऊन दारात उभा राहून त्याने सगळं ऐकलं आणि हळूच विचारलं, आज कुणाचा वाढदिवस आहे का. फुलं त्याने गोंधळून आजोबांना दिली.

मग साहेबांनी हात पसरून धाकटीला खूण केली. ठेका चालूच होता. ती उठली, बिल्ला काढला, कोंबडीच्या गळ्यात अडकवला आणि किचनमध्ये निघून आली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला टेकून उभी होती, संतापलेली. मला म्हणाली की तिने अर्ज मागे घ्यायचं ठरवलं आहे. या तमाशापेक्षा रात्रपाळ्या परवडल्या. आईचं काय ते बघू. मला फार वाईट वाटलं. इतकं की गॅसवरची अंडी उतरवायची राहिली.

तेवढ्यात साहेब आले. चेहरा पार पडलेला. ते म्हणाले की माझं काय चुकलं ते तरी सांगा, मी करतो तसं.

धाकटीने तोंड उघडलं. "को..."

"कोर्स करायचाय?" साहेब म्हणाले. "करू ना."

तिने मान हलवली. "को..."

"कोणी त्रास देतंय? नाव सांगा फक्त."

"को..."

"कोऱ्या कागदावर लिहून देता का? तेही चालेल."

माझा संयम संपला. समोर अंडं सोललेलं होतं, घट्ट उकडलेलं. साहेबांनी पुढच्या शब्दासाठी तोंड उघडलं तसं मी ते अख्खं आत सारलं. मॅनेजरच्या तोंडात हात घालण्याची माझी ही पहिलीच वेळ. ते डोळे विस्फारून बघत राहिले. बोलता येईना, गिळता येईना, आणि माझ्या किचनमध्ये थुंकायची त्यांची छाती नव्हती.

त्या शांततेत धाकटीचा ड्रॉवर आपला आपण उघडला.

"कोंबडी उचला," धाकटी म्हणाली. मध्ये मध्ये थांबत, पण एकदाही न चुकता ती पुढे बोलली. "मला गाणं नको. टाळ्या नकोत. माझं बोलणं अडतं, पण ते संपतं, सर. तुमची कोंबडी ते संपू देत नाही. आणि तुम्हीही देत नाही. कोंबडी मी नाही ठेवली. ती तुम्ही ठेवलीत, तुम्हालाच उचलता येईल."

साहेब बराच वेळ चावत राहिले. अंडं घट्ट होतं, शिवाय बिनमिठाचं. शेवटी घास उतरला, तेव्हा ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "पण कोंबडी तर हेड ऑफिसने... माझा फोटो..." मग माझ्याकडे न बघता निघून गेले. धाकटी म्हणाली, बघितलंत काकू. मी म्हटलं, बघितलं, पण तू अर्ज मागे घेऊ नकोस, अजून माझ्याकडे अंडी आहेत.

तिने अर्ज राहू दिला, माझ्या शब्दाखातर म्हणा किंवा चिडून म्हणा.

मोठ्या बाई यायच्या दिवशी मी आधी टेबल बघितलं. कोंबडी नव्हती. किचनमध्येही नव्हती. साहेबांच्या कोटाचा खिसा मात्र फुगलेला होता. म्हणजे टेबलावरून उचलायचं धाडस झालं होतं, उचलली म्हणून सांगायचं झालं नव्हतं. ते माझी नजर चुकवत होते.

मोठ्या बाई उंच, नीटनेटक्या, आणि घाईत. ब्रदरने नेहमीप्रमाणे सगळे जेवले, सगळे झोपले करून थँक्यू म्हटलं. बाईंनी खूश होऊन मान डोलावली. मग टेबलावर बघून त्या म्हणाल्या, अहो, तुमची ती सुप्रसिद्ध कोंबडी कुठे आहे. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी खिशावर हात ठेवला. बाई म्हणाल्या, हरकत नाही, आणि आपल्या पर्समधून हेड ऑफिसची कोंबडी काढली. लाल. तिची मान पिरगाळून त्यांनी ती धाकटीच्या समोर ठेवली.

टिकटिक सुरू झाली. धाकटी उभी राहिली. "खि..." म्हणाली आणि अडली.

"खिडकीजवळच्या पेशंट," मोठ्या बाई म्हणाल्या. "हं, पुढे."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण मला दिसलं की ती आता बसणार, आणि बसली की परत कधी उठणार नाही. माझ्या एप्रनच्या खिशात अंडं होतं. पण मोठ्या बाईंच्या तोंडापर्यंत माझा हात पोचणार नव्हता.

मग साहेब उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि मोठ्या बाईंच्या देखत लाल कोंबडी उचलली. उचलली खरी, पण ठेवावी कुठे ते त्यांना सुचेना. एका खिशात पिवळी होती, दुसऱ्यात बिल्ले. कोंबडी हातात टिकटिकत होती आणि आम्ही सगळे बघत होतो. शेवटी त्यांनी ती आपल्या खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले.

"मॅडम, हा नियम माझा होता," ते म्हणाले. "तो चुकीचा होता. आपण कौतुक केलंत तेव्हाही चुकीचाच होता. सिस्टरांचं बोलणं संपेल तेव्हा संपेल. आणि ब्रदरनाही नंतर पुन्हा उभं राहू द्या, हवं तेवढं बोलू द्या."

मोठ्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या म्हणाल्या की शिस्तीचं काय, सगळ्या शाखांत कोंबड्या आहेत. साहेब म्हणाले की त्याबद्दल जे काही लिहून द्यावं लागेल ते मी देईन. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला, आणि हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

धाकटीने पुन्हा सुरुवात केली. खिडकीजवळच्या आजींची कवळी टोचते आहे. त्या नाश्ता करत नाहीत, टोस्ट उशीखाली लपवतात. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण रिकामी ताटली बघून मी रोज खूश होत होते. दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तोवर त्यांना मऊ खायला द्यायचं. मग बँडवाले आजोबा. नवी गोळी सुरू झाल्यापासून उठताना त्यांना चक्कर येते, पण ते कबूल करत नाहीत, तर...

इथे ती अडली आणि इथेच साहेबांच्या बुडाखाली घंटा वाजली. मग कोंबडी कोकलली. दबल्यामुळे आवाज असा काही निघाला की सांगायची सोय नाही. साहेब हलले नाहीत. कान लाल झाले, पण ढिम्म बसून राहिले. त्या धक्क्याने असेल, खिशातली पिवळीही जागी झाली आणि तिनेही सूर लावला.

"उठून बघा हो," आजोबा दारातून म्हणाले, "अंडं दिलं असेल."

पहिली हसली ती धाकटी, खदाखदा. मग ब्रदर, मग मावशी, आणि मोठ्या बाई ओठ दाबून खिडकीबाहेर बघायला लागल्या, पण त्यांचे खांदे हलत होते. हसू ओसरलं तसं धाकटीने डोळे पुसले आणि सोडलेल्या शब्दाकडे परत गेली. तो अजून अडलेलाच होता. मोठ्या बाईंनी मदतीला तोंड उघडलं. साहेबांनी नुसता तळवा वर केला. बाईंनी तोंड मिटलं. आम्ही थांबलो. कुणी खोकलंसुद्धा नाही.

"...तर उठताना कुणीतरी हात धरायचा," धाकटी म्हणाली. "ते नको म्हणतील. तरी धरायचा."

"मला काही होत नाही," म्हणत आजोबा तावातावाने उठले आणि डोलले. ब्रदरने पटकन त्यांचा हात धरला.

नंतर ब्रदरला पुन्हा उभं केलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग कळलं की त्यालाही पुष्कळ सांगायचं होतं. पाच नंबरचे आजोबा रात्री रडतात, ते सांगायला त्याला कधी वेळच पुरला नव्हता. मावशींनीही संधी साधली आणि जाऊबाईंचं ऑपरेशन एकदाचं शेवटापर्यंत नेलं. जाऊबाई बऱ्या आहेत. आता मावशी चादरींबद्दल बोलतात, आणि थोडक्यात बोलतात.

धाकटी इनचार्ज झाली. ब्रदरने तिचं अभिनंदन केलं तेव्हा त्याला खरंच हायसं वाटलेलं दिसलं. साहेबांना हेड ऑफिसकडून समज मिळाली आणि फोटो उतरवावा लागला. नियम मागे घेतला गेला. साहेबांनी सगळ्या शाखांतल्या कोंबड्या परत मागवल्या आणि खोका माझ्या किचनमध्ये आणून ठेवला. आता माझ्याकडे प्रत्येक अंड्याला स्वतंत्र कोंबडी आहे. सकाळी ओट्यावर अशी काही बोंब उठते की आजी-आजोबांना उठवायला वेगळं कुणी लागत नाही.

इनचार्ज म्हणून धाकटीचा पहिला हँडओव्हर झाला तेव्हा शेवटी साहेब उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. छातीवर बिल्ला नव्हता, हाताचं काय करावं ते कळत नव्हतं. "सिस्टर," ते म्हणाले, "मला... मला तुम्हाला..." आणि त्यांचंच वाक्य अडलं.

"अभिनंदन म्हणायचंय," मावशी पुटपुटल्या.

"माफी मागायची असेल," ब्रदर म्हणाला.

"चहा," आजोबा म्हणाले.

धाकटीने तळवा वर केला. आम्ही थांबलो. चहावर साय धरली, बाहेर कुणाची तरी गाडी लागली आणि निघूनही गेली, तरी थांबलो. साहेबांनी दोनदा तोंड उघडलं, आणि शेवटी अगदी लहान तोंड करून म्हणाले, "विसरलो."

"हरकत नाही, सर," धाकटी म्हणाली. "आ... आठवलं की सांगा. आम्ही आहोत."